वाफेच्या नांगराची शिट्टी

इंग्लंड पाहायचं म्हणून मी गेलो नव्हतो. थोडंफार पाहिलं, ते पुढे येईलच. मला एका बाईंच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं होतं आणि ते फोनवर द्यायची हिंमत होत नव्हती, म्हणून ब्याऐंशीव्या वर्षी विमानात बसलो.

मागच्या वर्षी आमच्या जुन्या साखर कारखान्याच्या निवृत्त लोकांनी एक स्मरणिका काढली. कारखाना केव्हाच बंद पडला आहे, पण माणसं अजून एकमेकांना धरून आहेत. मी तिथे शेतीखात्यात उमेदवार म्हणून लागलो आणि त्याच खात्याचा प्रमुख होऊन निवृत्त झालो, त्यामुळे मला लेख मागितला. मी वाफेच्या नांगरावर लिहिलं. हल्लीच्या वाचकाला ही चीज ठाऊक नाही, म्हणून इथेही सांगतो.

शेताच्या दोन टोकांना दोन अवजड वाफेची इंजिनं उभी करायची. त्यांच्यामध्ये पोलादी तारेचा लांबच लांब दोर, आणि दोराला बांधलेला नांगर. एकदा या इंजिनाने दोर गुंडाळत नांगर आपल्याकडे ओढायचा, एकदा त्या इंजिनाने. नांगराला दोन्ही बाजूंना फाळ असत. बागेत मुलं खेळतात त्या वरखाली होणाऱ्या फळीसारखा तो असे. एका बाजूचे फाळ जमिनीत, दुसऱ्या बाजूचे आभाळाकडे. त्यावर बसून चाकाने दिशा सांभाळणारा माणूस म्हणजे नांगऱ्या. आमच्या भागातल्या कोरडवाहू काळ्या रानांत कुंदा माजलेला असे. त्या गवताच्या मुळ्या माणूसभर खोल जातात, बैलांच्या नांगराला दाद देत नाहीत. वाफेचा नांगर त्या उपसून काढी. चैत्रात नांगरलेल्या रानात मेंढरं बसल्यासारखी ढेकळं दिसत, आणि उन्हाने त्यांतल्या मुळ्या वाळून मरत. कारखान्याची कंपनी स्वतःच्या मळ्याशिवाय आसपासच्या लोकांची रानंही नांगरून देई.

या कामात एक नियम होता. रान मधे उंच असलं की एका इंजिनावरून दुसऱ्याजवळ काय चाललंय ते दिसत नाही. म्हणून शिट्टी. नांगर माझ्या टोकाला आला, नांगऱ्याने तो उलटवला, तो स्वतः नांगराच्या दुसऱ्या बैठकीवर जाऊन नीट बसला, की मग मी शिट्टी द्यायची. ती ऐकून पलीकडच्याने दोर गुंडाळणारा दांडा ओढायचा. शिट्टी म्हणजे 'ओढ'. गंमत म्हणून, नमस्कार म्हणून किंवा पाहुण्यांना दाखवायला म्हणून शिट्टी वाजवायची नाही.

स्मरणिकेतल्या लेखात मी हे सगळं रंगवून लिहिलं, आणि शेवटाकडे एक वाक्य लिहिलं: एकदा एका चालकाच्या कानांतल्या दोषामुळे, शिट्टी झालेली नसताना दोर ओढला गेला आणि एक नांगऱ्या दगावला. चालकाचं नाव लिहिलं नाही. त्यात मी स्वतःचा मोठेपणा मानला.

कुणीतरी त्या पानांचे फोटो काढून इकडेतिकडे पाठवले. काही दिवसांनी माझ्या फोनवर एका अनोळखी आवाजाचा निरोप आला.

"जय भीम साहेब. मी कमल. गणपत मिस्त्रींची मुलगी. आता साउथहॅम्प्टनला मुलाकडे असते. तुमचा लेख वाचला. इंजिन डोळ्यांपुढे उभं राहिलं. एकच विचारायचं होतं. तुम्ही तिथं होता. शिट्टी झाली होती का?"

गणपत मिस्त्री म्हणजे लेखातला तो बिननावाचा चालक. रागाचा स्वर नव्हता. मी तो निरोप पुन्हा पुन्हा ऐकला आणि उत्तर दिलं नाही. पावसाळा गेला, दिवाळी गेली. मुलगा वॉटफर्डहून नेहमी म्हणायचा, या एकदा, आता आई नाही तर एकटे तिथे काय करता. उन्हाळ्यात मी त्याला हो म्हटलं.

वॉटफर्ड

वॉटफर्डला परदेशात आल्यासारखं फारसं वाटत नाही. कोपऱ्यावरच्या दुकानात मेथी, कारली, ज्वारीचं पीठ. दुकानदार गुजराती, त्याने मला पहिल्याच दिवशी "कैसे हो दादा" म्हणून जिंकलं. घरं मात्र सगळी एकाच साच्यातली. दुसऱ्या दिवशी फिरून येताना मी शेजारच्या घराच्या दाराला किल्ली लावत उभा राहिलो. आतून एक गोऱ्या आजीबाई आल्या, त्यांनी मला हाताला धरून आमच्या दाराशी आणून सोडलं आणि वर सॉरीही त्याच म्हणाल्या. आपल्याकडे असं झालं असतं तर आधी आरडाओरडा आणि मग चहा.

माझी नात ईशा इथेच वाढली. नोकरी लंडनमध्ये, पण तेव्हा तिने सुट्टी घेतली होती. मराठी बोलते, फक्त बाई-पुरुष यांचा गोंधळ करते. "आजोबा, माझा गाडी छोटा आहे, पण चांगला आहे," असं म्हणून तिने मला फिरवायची जबाबदारी घेतली. तिने माझा लेख इंग्रजीत करून घेऊन वाचला होता, आणि आजोबांना खूश करायला एक बेत आखला होता. केंब्रिजच्या पुढे एका शेतात दर वर्षी कापणी झाल्यावर जुन्या वाफेच्या यंत्रांचा मेळा भरतो. तिथे अजून वाफेच्या नांगराने जमीन नांगरून दाखवतात.

मी चष्मा काढून पुसत राहिलो. तिला वाटलं, मला भरून आलं.

"आधी साउथहॅम्प्टनला जायचं," मी म्हणालो. "ओळखीच्या एक बाई आहेत."

साउथहॅम्प्टन

मोटारवेवर मधे एका ठिकाणी थांबलो. तिथे थंड सँडविच आणि कागदी पेल्यातला चहा मिळतो, दूध वेगळ्या इवल्याशा डबीत. ती डबी उघडताना दूध माझ्या सदऱ्यावर उडालं. आधीच कुठे तोंड दाखवायची लाज, त्यात सदऱ्यावर डाग. ईशाने ओल्या कागदाने पुसलं, तेव्हा तो आणखी पसरला.

साउथहॅम्प्टन हे बंदर आहे. घरांच्या छपरांमागे एकाएकी दहा मजली पांढरी इमारत दिसते, आणि ती हळूहळू सरकायला लागली की कळतं ते जहाज आहे. आमची इंजिनं याच देशातून अशाच कुठल्यातरी धक्क्यावरून आली होती. त्यांच्यावर इंग्रजी अक्षरांची पितळी पाटी होती. गणपत मिस्त्री ती रोज चिंचेने घासत. बाकी इंजिन काजळीने काळं, पाटी तेवढी लख्ख.

कमलताईंचा मुलगा मिलिंद इथल्या इस्पितळात डॉक्टर आहे. दार त्यानेच उघडलं. आत समोर बुद्धांची मूर्ती, शेजारी बाबासाहेबांचा फोटो, आणि त्याखाली खुर्चीत कमलताई. सत्तरीच्या, ठेंगण्या, अंगावर स्वेटर, पायात लोकरी मोजे. त्या उठल्या. मला वाटलं होतं मी त्यांना ओळखेन. कारखान्याच्या वसाहतीत त्या लहान होत्या, मी तेव्हा मुलांकडे बघतच नव्हतो. पण कपाळ हुबेहूब गणपत मिस्त्रींचं होतं.

चहा आला. प्रवास कसा झाला, हवा कशी आहे, गुडघे कसे आहेत, असं आमचं बोलणं झालं. ईशा आणि मिलिंद एकमेकांशी इंग्रजीत बोलू लागले. मग कमलताईंनी कप खाली ठेवला आणि त्या नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या. विचारलं काही नाही. विचारून झालं होतं.

मी म्हणालो, "शिट्टी झाली होती. मी वाजवली."

पुढचं सांगताना मी ईशाकडे पाहिलं नाही. इथेही तसंच लिहितो.

मी नवा उमेदवार होतो. शेतकी शाळेतून नुकताच बाहेर पडलेला. त्या दिवशी अलीकडच्या इंजिनाचा चालक पाण्याची गाडी आणायला गेला होता आणि मी एकटाच इंजिनावर उभा होतो. नांगर माझ्या टोकाला आला होता. येसू नावाचा नांगऱ्या खाली उतरून फाळांत अडकलेले कुंद्याचे झुबके उपटत होता. इतक्यात शेताच्या कडेच्या वाटेने व्यवस्थापकसाहेबांची छकडागाडी आली. त्यांच्या घरच्या बायका वाफेचा नांगर बघायला निघाल्या होत्या. गाडीत त्यांची भाची होती. तिने माझ्याकडे बघावं असं मला वाटलं. मी शिट्टीची साखळी ओढली.

मधे रान चढलेलं होतं. पलीकडे गणपत मिस्त्रींना ना मी दिसत होतो, ना येसू. त्यांनी शिट्टी ऐकली आणि दांडा ओढला.

येसू संध्याकाळपर्यंत जगला.

चौकशी व्यवस्थापकसाहेबांनीच केली. गणपत मिस्त्री म्हणाले, शिट्टी झाली. मी म्हणालो, मी साखळीला हात लावला नाही. छकड्यातल्या कुणाला विचारण्यात आलं नाही. पाण्याला गेलेला चालक मान खाली घालून उभा राहिला, त्याला नोकरी टिकवायची होती. माझं आडनाव आणि मिस्त्रींचं आडनाव शेजारी ठेवलं की कुणाचं ऐकायचं हे त्या काळी ठरलेलंच असे. आज ते संपलं आहे असंही म्हणत नाही. साहेबांनी निर्णय दिला, इंजिनाची जास्तीची वाफ आपोआप सुटली, ती मिस्त्रींना शिट्टी वाटली, इंजिनावर राहून यांचे कान गेलेत. त्यांना काढून टाकलं. वसाहतीत त्यांचं नाव 'बहिरा गणपत' पडलं. मीही ते उच्चारलं आहे.

पुढे साहेबांची भाची माझी बायको झाली.

मिलिंदने आईचा हात धरायला आपला हात पुढे केला. तो त्यांनी बाजूला सारला.

"अण्णा म्हातारपणी जेवताना मधेच म्हणायचे," त्या म्हणाल्या, "शिट्टी झाली होती. आई म्हणायची, पुरे आता, जेवा. नंतर नंतर मीच ओरडायचे. अण्णा, साऱ्या जगाला ऐकू आली नाही, ती तुम्हालाच कशी आली?" त्यांनी स्वेटरची बाही ओढून घेतली. "हे मी म्हटलंय त्यांना. दुसऱ्या कुणी नाही. शेवटच्या आजारातसुद्धा."

मग त्या उठून स्वयंपाकघरात गेल्या. बराच वेळ भांड्यांचा आवाज येत राहिला. मी निघायचं म्हणून उठलो, तर मिलिंद हलक्या आवाजात म्हणाला, "बसा. तिने सकाळपासून केलंय."

ज्वारीची भाकरी, झुणका, शेंगदाण्याचा ठेचा, आणि गॅसवरच्या पातेल्यात वरण. कमलताईंनी वाढलं. एवढ्या सुधारलेल्या घरात कुकर कसा नाही, असं ईशाने सहज विचारलं. कमलताईंनी तेवढ्याच सहज सांगितलं की अण्णा त्यांच्याकडे राहायला आले तेव्हा कुकरची शिट्टी झाली की ते ताटावरून उठून उभे राहायचे. तेव्हापासून वरण पातेल्यात. ते गेले तरी सवय गेली नाही.

कारखाना सुटल्यावर गणपत मिस्त्रींनी शहरात एका शाळेत रखवालदारी केली. शाळेची घंटा असायची, ती वाजवायला ते तयार नसत.

मी भाकरी मोडून ताटातच ठेवली. ईशा मात्र तोंड खाली घालून सगळं जेवली. ताटात काही टाकलं तर या घराचा आणखी एक अपमान होईल, असं तिला वाटलं असावं. त्या दिवशी तीच आमच्यातली शहाणी होती.

निघताना दारात कमलताईंनी विचारलं, "ती शिट्टी कशी असते? मी लहान होते, मला धड आठवत नाही."

मला सांगता येईना. तेव्हा ईशाने मेळ्याचं सांगितलं. शनिवारी आहे, तिथे नांगर चालतो, असं म्हणाली. मी तिला थांबवणार होतो.

"मिलिंद, सुट्टी काढ," कमलताई म्हणाल्या.

परतीच्या रस्त्यावर ईशाने रेडिओ लावला नाही. वॉटफर्ड जवळ आल्यावर तिने विचारलं, "आज्जीला माहीत होतं?"

"ती छकड्यात होती. तिलाही कान होते."

"ती कधी बोलली?"

"नाही. मीही कधी विचारलं नाही."

केंब्रिजच्या पुढे

केंब्रिज शहर मी गाडीच्या काचेतूनच पाहिलं. सायकली, दगडी मनोरे, हिरवळीवर बसलेली तरुण मुलं. पुढे जमीन सपाट होत जाते, आभाळ खूप मोठं होतं. कापणी झालेल्या गव्हाची धसकटं दूरपर्यंत पिवळी. माती फिकट, चुनखडीची, आमच्या मातीच्या मानाने भाजून पांढरी झाल्यासारखी. तिच्यात कुंदा नाही.

मेळा म्हणजे आपल्याकडची जत्राच, फक्त देव म्हणून इंजिनं. रांगेने उभी, लाल-हिरव्या रंगांची, पितळ इतकं चकचकीत की त्यात तोंड दिसावं. प्रत्येकाला नाव दिलेलं. तेलकट कपड्यांतली म्हातारी माणसं त्यांच्या अंगाखाली झोपून काहीतरी पिळत होती आणि त्यांच्या बायका बाजूला खुर्च्या टाकून थर्मासमधला चहा पीत होत्या. आमच्या कंपनीने आपली इंजिनं भंगारात काढली, तेव्हा मीच उभं राहून ती तोडून घेतली होती. इथे ही माणसं शनिवार-रविवार त्यांच्यात घालवतात. यात इंग्रजांचं थोर काही आहे असं मला म्हणायचं नाही. घोडे, बैल, माणसं त्यांनीही विसरायची तेवढी विसरली असतील. पण इंजिनाला तेल घालायला ते विसरले नाहीत.

एका बाजूला वाफेवर चालणारं मळणी यंत्र होतं. इंजिनाच्या चाकावरून लांब पट्टा यंत्रापर्यंत गेलेला. वरून पेंढ्या टाकायच्या, खालून पोत्यांत गहू पडायचा. कमलताई तिथे थोडा वेळ उभ्या राहिल्या. आईबरोबर दुसऱ्याच्या खळ्यावर उपणायला जायच्या, ते त्यांना आठवलं. तिथे वारा पडला की काम थांबायचं. इथे वाऱ्याची गरज नाही, असं त्या मिलिंदला म्हणाल्या. माझ्याशी त्या सकाळपासून एकच वाक्य बोलल्या होत्या. गाडीतून उतरताना म्हणाल्या होत्या, "मी तुम्हाला माफ करायला आले नाही इथं."

उभ्या इंजिनांवर पोरं चढून शिट्ट्या वाजवत होती. प्रत्येक शिट्टीला कमलताई वळून बघत. "ही का?" मी मान हलवायचो, ही नाही. माझ्या दोन्ही कानांत ऐकायची यंत्रं आहेत. त्या कोलाहलात ती किंचाळायला लागली, म्हणून मी ती काढून खिशात टाकली. मग जग बरंच शांत झालं. कुणी अगदी जवळ येऊन मोठ्याने बोललं तरच कळत होतं.

नांगराचं शेत मेळ्यापासून लांब होतं. दोन इंजिनं समोरासमोर, मधे जमीन किंचित चढून उतरलेली. अलीकडच्या इंजिनावर कीथ नावाचे गृहस्थ होते, पांढरी दाढी, गळ्यात रुमाल. आम्ही दोरीच्या कुंपणाबाहेर उभे राहिलो. दोर ताठ झाला. मला आधी तो आवाज पायांतून कळला. मग चढावरून नांगर आला, मागे माती उलटत. त्यावर चाक धरून एक मध्यमवयीन बाई बसल्या होत्या. नांगर आमच्यासमोर येऊन थांबला. त्या खाली उतरल्या, फाळांत अडकलेलं धसकट त्यांनी वाकून उपटलं.

मी कुंपणाची दोरी घट्ट धरली. कीथसाहेबांचे हात दोन्ही बाजूंना सोडलेले होते. त्या बाई नांगर उलटवून दुसऱ्या बैठकीवर जाऊन बसल्या, पाय वर घेतले, मग हात वर केला. तेव्हाच कीथसाहेबांचा हात साखळीकडे गेला.

शिट्टी झाली. लांब, वर जाणारी. क्षणभराने पलीकडून दोर ताणला गेला आणि नांगर आमच्यापासून दूर निघाला.

कमलताईंनी माझ्याकडे पाहिलं. मग त्या माझ्याजवळ आल्या आणि माझ्या कानाकडे बोट दाखवून मोठ्याने म्हणाल्या, "यंत्रं काढलीत तुम्ही?"

"हो."

"तरी ऐकू आली?"

"आली."

"म्हणजे बहिऱ्यालाही येते."

त्या पुन्हा दोरीपाशी गेल्या आणि नांगर चढापलीकडे दिसेनासा होईपर्यंत बघत राहिल्या.

मिलिंदच्या मनात आलं, आईसाठी एकदा शिट्टी वाजवून घ्यावी. मी परत यंत्रं घातली होती, त्यामुळे त्यांचं बोलणं मला ऐकू आलं. कीथसाहेब भले गृहस्थ होते, पण त्यांनी मान हलवली. तिकडे नुसत्या उभ्या असलेल्या इंजिनांच्या शिट्ट्या पोरं हव्या तेवढ्या वाजवू देत, इथे नाही, म्हणाले. पलीकडे त्यांचा जोडीदार चढाच्या खाली आहे. त्याला हे इंजिन दिसत नाही, नांगर दिसत नाही. त्याने शिट्टी ऐकली की तो ओढणार, आणि त्याने ओढलंच पाहिजे.

मिलिंदने आईला मराठीत सांगितलं.

"मग नको," कमलताई म्हणाल्या. "बरोबर आहे त्यांचं." आणि थोड्या वेळाने, कुणाकडेच न बघता, "ओढलंच पाहिजे."

दुपारी पावसाची बारीक सर आली. ईशाने छत्र्या आणल्या. आम्ही चौघे दोन छत्र्यांखाली उभे राहिलो, मी आणि ईशा एकीखाली, ते दोघे दुसरीखाली. कमलताईंनी डबा आणला होता. त्यांनी भाकरीचा चतकोर ठेचा लावून माझ्या हातात दिला. मी तो खाल्ला. या वेळी संपवला.

ऊन उतरल्यावर काम संपलं. नांगराचं शेवटचं तास कीथसाहेबांच्या टोकाला येऊन थांबलं. त्यांनी दोर नांगरापासून सोडला, गुंडाळून घेतला, पुन्हा एकदा सगळं तपासलं. नांगरावरच्या बाई खाली उतरून कुंपणाबाहेर आल्या. मग कीथसाहेबांनी कमलताईंना हाताने बोलावलं. आता वाजवायला हरकत नाही.

मिलिंदने त्यांना आधार देऊन पायरीवर चढवलं. त्या आगीजवळ उभ्या राहिल्या तेव्हा त्यांचा चेहरा लाल दिसत होता. कीथसाहेबांनी साखळी दाखवली. त्यांनी ती दोन्ही हातांनी धरली आणि ओढली, आणि सोडलीच नाही. वाफ पांढरी होऊन वर गेली. मेळ्यातली माणसं वळून बघायला लागली.

त्यांनी साखळी सोडल्यावर शेत अगदी गप्प झालं. मग चढापलीकडून, जिथलं इंजिन आम्हाला दिसतही नव्हतं, तिथून उत्तर आलं. तशीच लांब शिट्टी.

कमलताई खाली आल्या तेव्हा हाताला तेल लागलं होतं. ते त्यांनी पुसलं नाही. मला म्हणाल्या, "तुम्ही वाजवणार?"

मी हात मागे घेतले.

"नका वाजवू," त्या म्हणाल्या. "घरी जाऊन लिहा. त्याच स्मरणिकेच्या लोकांना पाठवा. अण्णांचं नाव घालून लिहा. येसूचंही घाला, त्याच्या घरचे कुठे असतील तर वाचतील."

मी लिहीन म्हणालो. गाडीकडे जाताना त्या पुढे चालत होत्या. चिखलात त्यांचा पाय घसरला, मी हात पुढे केला. त्यांनी तो धरला नाही. मिलिंदचा धरला.

महिन्याभराने मी परत आलो. येसूच्या गावी जाऊन आलो, त्याचं घर आता तिथे नाही, भावाची मुलं कुठे गेली ते कुणाला सांगता आलं नाही. तेव्हा हे लिहायला बसलो. माझ्या आधीच्या लेखातलं ते वाक्य खोटं आहे. त्या जागी हे वाचावं.

शिट्टी झाली होती. मी वाजवली होती. येसू तेव्हा नांगराखाली वाकलेला होता आणि मला ते दिसत होतं. गणपत मिस्त्रींना नीट ऐकू येत होतं.